लपण: तुराट्यांची एक खोली आणि त्यातून दिसणारं शिवार

"सर, पोराईले शिकार शिकवता का काय?" शाळेमागच्या पडीक तुकड्यावर आम्ही खुंट रोवत होतो, तेव्हा एका पालकांनी कुंपणापलीकडून विचारलं. प्रश्न रास्त होता. लाकडी आडोसा करायचा, आत गुपचूप बसायचं आणि जनावर-पाखरू जवळ येण्याची वाट बघायची ही मुळात शिकाऱ्याचीच रीत. पालकांना तेव्हा उभ्याउभ्या जे सांगता आलं नाही, ते इथे सविस्तर लिहितो.

आपल्या वाशीमकडच्या मुलांना मचाण सांगावं लागत नाही. तूर-हरभऱ्याच्या दिवसांत रोही आणि रानडुकरं शेतात शिरतात, म्हणून घरातलं कोणीतरी जागलीला जातं. चार बल्ल्या, वर आडवी लाकडं, त्यावर पऱ्हाट्या किंवा ताडपत्री. बापासोबत जागलीला गेलेलं लेकरू दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला पेंगतं. मी पूर्वी रागवायचो. आता आधी विचारतो, "रात्री काय दिसलं?" पण जागलीचं मचाण जनावराला हाकलण्यासाठी असतं. तिथे बत्ती, डबे, आरोळ्या सगळं चालतं. आम्हाला करायचं होतं ते उलट काम. पक्षिनिरीक्षक त्याला 'लपण' म्हणतात.

लपणाचं काम कसं चालतं? मुलांचं पहिलं उत्तर असतं, "सर, आपण दिसत नाही म्हणून." हे अर्धंच खरं. पाखराला तिथे काहीतरी उभं आहे हे स्पष्ट दिसतं. पण ते रोज तिथेच असतं, हलत नाही आणि माणसासारखं दिसत नाही. हे मला पाचवीतल्या एका मुलाने जास्त चांगलं सांगितलं. तो पारधी बेड्यावरून येतो. "सर, माणूस नाई लपत, माणसाचा आकार लपते. माहा आजा सांगते, पहिले लोक गाईच्या आडून जात." फासेपारध्यांची ही जुनी पद्धत खरीच आहे. शिकवलेली गाय किंवा बैल चरत चरत पुढे न्यायचा आणि त्याच्या आडून हरणाच्या जवळ जायचं. हरणाला गुरांची भीती नसते. म्हणजे ते चालतं लपणच झालं! इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे पारध्यांवरही तो शिक्का बसला. 1952 साली कायदा रद्द झाला, तरी लोकांच्या नजरेतून तो शिक्का पुरता गेलेला नाही. त्या दिवशी मात्र वर्गातली सगळी मुलं त्या मुलाभोवती कोंडाळं करून बसली होती.

आता बांधणी. उंच मचाण मुद्दाम टाळलं. पडण्याची जोखीम शाळेने घेऊ नये. जमिनीवरच पाच फूट लांब, चार फूट रुंद आणि साडेचार फूट उंच खोली केली. तीन मुलं बसतात. एकही झाड तोडलं नाही. जुन्या मांडवाच्या बल्ल्या, खोक्यांच्या फळ्या आणि फेब्रुवारीत तूर निघाल्यावर पडलेल्या तुराट्या एवढ्यात भागलं.

खड्डे दीड फुटाचे घेतले. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, त्यामुळे नुसत्या मातीत रोवलेला खांब महिन्याभरात डुलायला लागतो. खड्ड्यात दगड आणि मुरूम घालून चांगलं ठोकून घ्यावं. आमचा पहिला खांब आम्हाला परत काढावा लागला, म्हणून सांगतो. आडव्या फळ्या खिळ्यांनी आणि तुराट्यांच्या पेंढ्या सुतळीने बांधल्या. प्लॅस्टिक नको, ते वाऱ्यात फडफडतं.

बघण्याची फट हा खरा गणिताचा तास. आत बसायला एक फूट उंचीची फळी. तिच्यावर मुलांना बसवून प्रत्येकाच्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची मोजली, सरासरी काढली आणि तिथे चार इंच रुंदीची आडवी फट ठेवली. फट मोठी करायचा मोह आवरावा. मागची भिंत आणि छप्पर गच्च हवं. दिवसा रस्त्यावरून घराची खिडकी काळीच दिसते ना, तसं. मागून उजेड आला की डोक्याची सावली फटीत उमटते आणि पाखरू उडतं. दार मागच्या बाजूला. आमची पाहणी सकाळची, म्हणून फट पश्चिमेकडे, म्हणजे ऊन डोळ्यांवर येत नाही. समोर दहा-बारा फुटांवर पाण्याचं पसरट मातीचं भांडं ठेवलं.

बांधून झालं की लगेच आत बसू नये. आम्ही आठ दिवस कोणी फिरकलो नाही. नंतर जुनी युक्ती केली: चौघांनी आत जायचं आणि एकाने सगळ्यांदेखत बोलत बाहेर निघून जायचं. बाकी पाखरांना वाटतं, संकट गेलं. कावळ्याचा भरवसा मात्र देता येत नाही.

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि त्यातली शिकारीची व्याख्या नुसत्या मारण्यापुरती नाही. पकडणं, फास लावणं, इतकंच काय, पाखराची अंडी किंवा घरटं विस्कटणंही तिच्यात येतं. म्हणून लपण कधीही घरट्याजवळ बांधू नये. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. आधी जागा नीट फिरून बघावी. मचाणाचंही तसंच झालं. जिथून पूर्वी बंदुका चालल्या, तिथून आता मोजदाद होते. मेळघाट हा 1973 साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पातल्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक. तिथे बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यालगतच्या मचाणांवर बसून लोक प्राणी टिपून ठेवतात. वैशाखात पाणवठे थोडे उरतात आणि चांदणं भरपूर असतं, म्हणून तीच रात्र. आपल्या जिल्ह्यातल्या कारंजा-सोहोळ अभयारण्यात काळवीट आहेत. सहल तिकडे नेता आली, तर आधी मुलांना लपणात वीस मिनिटं गप्प बसायची सवय झालेली बरी.

वीस मिनिटं म्हटलं खरं, पण पहिल्या दिवशी सातव्या मिनिटाला एकाला हसू फुटलं. तिसऱ्या दिवशी सातभाईंचा थवा कलकलाट करत पाण्यावर आला, मागून बुलबुल आणि होला. वहीत तारीख, वेळ, पक्षी, संख्या असे चार रकाने आहेत. पाचवा, 'काय करत होता', मुलांनीच वाढवला. कुंपणापलीकडचे ते पालक एका रविवारी स्वतः येऊन आत बसले. बाहेर आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "पावसाळ्यात वाळवी लागन नं याले?" लागेल. जूनआधी तुराट्या उतरवून खांबांना बुडाशी डांबर लावायचं ठरलं आहे.