पिकअपला मोठी चाकं : गाडी उंच होते, ब्रेक तेवढाच राहतो

मागच्या वेळी आपण गिअरबद्दल बोललो. त्यावर जे प्रश्न आले, त्यातले बरेचसे एकाच गोष्टीचे होते. पिकअपला मोठी चाकं आणि टायर बसवले तर चालतं का? बसतात, हे खरं. चालतं का, ते आज बघू.

सुरुवात टायरच्या बाजूला कोरलेल्या आकड्यांपासून करू. समजा २१५/७५ आर १५ असं लिहिलंय. २१५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. टायरची भिंत या रुंदीच्या ७५ टक्के, म्हणजे साधारण १६१ मिलिमीटर उंच. १५ हा रिमचा व्यास, इंचात. (आर म्हणजे रेडियल. त्रिज्या नव्हे, ही चूक अगदी दुकानातसुद्धा ऐकू येते.) वरची भिंत, खालची भिंत आणि मधला रिम यांची बेरीज केली की चाकाचा पूर्ण व्यास येतो साधारण ७०४ मिलिमीटर.

आता त्याच रिमवर २३५/७५ चढवला, तर व्यास होतो ७३४. तीस मिलिमीटर वाढले. पण गाडी उचलली जाते निम्मीच, पंधरा मिलिमीटर, कारण उरलेली वाढ अॅक्सलच्या वरच्या बाजूला जाते. खर्च केला आणि मिळाला दीड सेंटिमीटर! मग माणूस ३१ इंची टायरकडे वळतो. तो ७८७ मिलिमीटरचा. इथे गाडी चार सेंटिमीटर उचलली जाते, ती डोळ्यांना दिसते, आणि खरा प्रश्नही इथेच सुरू होतो.

लासलगावहून दीड टन कांदा भरून वाशीला निघालेली पिकअप डोळ्यांसमोर आणा. कसारा घाट उतरायचाय. चाक सुमारे बारा टक्के मोठं झालंय, पण स्पीडोमीटरला ते माहीत नाही. तो चाकाचे फेरेच मोजतो. काटा ६० वर असतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ६७ ने चाललेली असते. धावत्या गाडीची ऊर्जा वेगाच्या वर्गानुसार वाढते, त्यामुळे ड्रायव्हरला न कळता थांबवायची ऊर्जा सव्वापट होते. आणि ब्रेक? ड्रम तोच, लायनर तोच. ब्रेक चाकाला मध्यापाशी धरतो, रस्ता मात्र त्याला कडेवरून ओढतो. कड लांब गेली की तेवढ्याच पकडीत रस्त्यावर जोर कमी मिळतो, इथे दहा टक्क्यांहून थोडा जास्तच कमी. त्यात इंजिनचा अडावही घटतो. मोठं चाक म्हणजे एका अर्थानं वरचा गिअर टाकल्यासारखंच. पूर्वी तिसऱ्यात सावरायची तिथे आता दुसरा लागेल. चढताना हे लगेच कळतं, गाडी कण्हते. उतरताना कळत नाही, आणि कळतं तेव्हा लायनरचा वास यायला लागलेला असतो.

म्हणून आमचं मत विचाराल तर माल वाहणाऱ्या गाडीला तीन-चार टक्क्यांपलीकडे जाऊ नये. फक्त हौसेची, रिकामी फिरणारी गाडी असेल तर गोष्ट थोडी वेगळी.

मोठा टायर जास्त वजन पेलतो, हाही एक गैरसमज. टायरवर मापानंतर आणखी एक आकडा असतो. तो १०० असेल तर एका टायरची क्षमता ८०० किलो, १०४ असेल तर ९००. दिसायला दांडगा, पण जीपगाडीसाठी बनवलेला टायर या आकड्यात कंपनीच्या मालवाहू टायरपेक्षा कमी भरू शकतो. घेताना आधी हा आकडा बघा, नक्षी नंतर. आणि टायर बदलून गाडीची भारक्षमता वाढत नाही. पाटे आणि बेअरिंग तेच असतात.

रिम बाहेर काढून बसवले की गाडी रुबाबदार दिसते, पण बेअरिंगवर तरफेसारखा ताण येतो. घासतंय का ते रिकाम्या गाडीवर तपासून उपयोग नाही. माल भरून, स्टीअरिंग पूर्ण वळवून, गतिरोधकावरून नेऊन बघायचं. नट पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे.

कायद्याचं एका वाक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ मापाबाहेर केलेला बदल अडचणीत आणू शकतो, म्हणून विम्याचं आणि आरटीओचं आधीच विचारून घ्या.

शेवटी स्टेपनी. चार चाकं मोठी आणि पाचवं जुनं, असं आम्ही कितीतरी गाड्यांना पाहतो. पंक्चर मागच्या चाकाला झालं तर दोन बाजूंना दोन व्यास येतात आणि डिफरन्शियल सारखं फिरत राहतं. नवीन स्टेपनी बॉडीखालच्या जाळीत मावते का, तेही पैसे देण्याआधी मोजून घ्या.