केबलमध्ये काय ठेवलंय?

पहिला बोनस हातात पडला आणि मी थेट लॅमिंग्टन रोड गाठला. स्पीकर आधीच घेतले होते. आता म्हणे केबलही तोलामोलाची हवी. १२ हजार मोजले. आईचं वॉशिंग मशीन पुढे ढकललं. घरी आल्यावर किशोरीताई अगदी समोर बसून गातायत असं वाटलं, शप्पथ!

ताईला काही पटेना. तिने माझ्या डोळ्यांवर ओढणी बांधली. एकच गाणं १० वेळा लावलं. कधी माझी केबल, तर कधी इलेक्ट्रिकच्या दुकानातली दीड एमएमची तांब्याची वायर. माझी बरोबर उत्तरं? ५. नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं की!

हिशेब सरळ आहे, बॉस. अशा ३ मीटर वायरचा जाऊन-येऊन रेझिस्टन्स ०.१ ओहमहूनही कमी. स्पीकर ८ ओहमचा. फरक ऐकू येणार कुठून? २००७ साली अमेरिकेत जेम्स रँडींनी ७,२५० डॉलरची केबल कानाने ओळखणाऱ्याला १० लाख डॉलर देऊ केले होते. ती चाचणी झालीच नाही.

तेव्हा वायर पुरेशी जाड घ्या, टोकं घट्ट बसवा. स्पीकर भिंतीपासून जरा पुढे ओढा, खिडकीला जाड पडदा लावा. हा फरक डोळे बांधूनही कळतो.

आईचं मशीन दिवाळीत आलं. केबलही मस्त चालतेय. अगदी साध्या वायरइतकी!