अंगणातली गाडीवाट बदलताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

फाटकापासून पोर्चपर्यंतचा कोबा उखडला, की घरात चर्चा रंगते ती पेव्हर, काँक्रीट की डांबर याचीच. गाडीवाट किती टिकणार हे मात्र बरंचसं ठरतं खालच्या भरावावर आणि पाण्याच्या वाटेवर.

गैरसमज : जुन्या कोब्यावरच पेव्हर बसवले की भागतं.
वस्तुस्थिती : कोबा जिथे खचलाय, तिथे वरचे ब्लॉकही बसतात. शिवाय ब्लॉक आणि त्याखालची कच मिळून पातळी साधारण चार इंच वर येते. फाटक घासतं, पाणी पोर्चकडे वळतं. खाली काळी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. ती काढून मुरूम थराथराने दाबून भरावा.

गैरसमज : पेव्हर सगळे सारखेच, रंग तेवढा निवडायचा.
वस्तुस्थिती : हलक्या वाहनांसाठी 60 मिमी जाडीचा, एम-35 दर्जाचा ब्लॉक लागतो. पाण्याचा टँकर आत येत असेल तर 80 मिमीचा घ्या. कडेला काँक्रीटचा कर्ब नसेल तर ब्लॉक बाहेर सरकून सांधे उघडतात. सोय एवढी, की पाइप फुटला तर ब्लॉक उचलून पुन्हा बसवता येतात.

गैरसमज : पेव्हरमधून पाणी आपोआप जिरतं.
वस्तुस्थिती : नेहमीच्या पेव्हरचे अरुंद सांधे मातीने बुजतात. पाणी जिरवायचं तर रुंद सांध्यांत बारीक खडी आणि खाली मोकळ्या खडीचा थर हवा. एरवी मीटरला सुमारे 2 सेंमी ढाळ द्यावा, तोही घराच्या उलट दिशेला.

गैरसमज : तडा गेला म्हणजे काँक्रीटचा माल खराब.
वस्तुस्थिती : काँक्रीट सुकताना आकसतंच. म्हणून चार-पाच इंची स्लॅबला साधारण दर 3 मीटरवर, जाडीच्या पाव भागाइतका खोल सांधा कापतात. तडा त्या रेषेतच जातो. क्युरिंग किमान 7 दिवस हवं.

गैरसमज : रस्त्याला चालतं ते डांबर घरालाही स्वस्तात पडेल.
वस्तुस्थिती : छोट्या जागेसाठी गरम माल आणि रोलर आणणं महागात जातं. गाडीतून ठिबकणाऱ्या डिझेल-ऑइलने डांबर मऊ पडतं आणि साचलेल्या पाण्याने खडी सुटते.

कोटेशन मागताना नुसता चौरस फुटाचा दर विचारू नका. खोदाई किती, मुरूम-खडीचा थर किती इंच, दाबाई कशाने, ढाळ कुठे आणि कर्ब धरलाय का, हे लेखी घ्या. स्वस्त दरातून बहुतेक वेळा यातलंच काहीतरी गळालेलं असतं.