ताण आणि ताप मोजणारा धागा

ऐन व अर्जुन या वृक्षांच्या पाल्यावर वाढणाऱ्या अळ्यांचा कोसा उकलून गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरीकडे जो टसर काढला जातो, तो वस्त्राच्या कामी येतो. परंतु साध्या सुतालाही योग्य रसायनांचा लेप देऊन ते ऊतींत ओवले असता ताण, तापमान व आम्लता यांची मोजदाद करता येते, हे अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाचे समीर सोनकुसळे व त्यांचे सहकारी यांनी २०१६ साली दाखवून दिले.

सुताचा संवेदक : धागा ताणला असता लेपातील कार्बनकण परस्परांपासून दुरावतात व विद्युत्‌रोध वाढतो, मात्र उष्णतेनेही रोध बदलत असल्यामुळे, शेजारी सैल ठेवलेल्या दुसऱ्या धाग्याची नोंद वजा केल्यावाचून हिशेब बिनचूक होत नाही.

काचतंतू : काँक्रीटमध्ये वा संमिश्र पदार्थांत पुरलेल्या १२५ मायक्रॉन व्यासाच्या काचतंतूत कोरलेली ब्रॅग जाळी १५५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश परावर्तित करते, तंतू दशलक्षांश लांबला, तर ही तरंगलांबी सुमारे १.२ पिकोमीटरने, आणि तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले, तर सुमारे १० पिकोमीटरने सरकते.

खाणींसाठी : चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्गुस अशा कोळशाच्या मुलखात, जेथे साठविलेला कोळसा हवेच्या संपर्काने आपोआप तापून पेट घेऊ शकतो, तेथे वीज न वाहणारा आणि म्हणून ठिणगी न पाडणारा काचतंतू विशेष सोयीचा ठरतो, चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली शोधलेल्या प्रकाशप्रकीर्णनाच्या आधारे, काही किलोमीटर लांबीच्या एकाच तंतूवरून ठिकठिकाणचे तापमान कळते.