जे.जे.ने काढलेला शिंपिणीचा मुलगा

'बर्थ' नावाचे चित्र 2015 साली न्यूयॉर्कच्या लिलावात चाळीस लाख डॉलरच्या वर गेले. चित्रकार एफ. एन. सूझा 2002 मध्येच मुंबईत वारले होते. लिलावाचा आकडा सर्वांच्या लक्षात राहतो. आम्हाला मात्र त्या आकड्यामागचे शिवणयंत्र महत्त्वाचे वाटते.

सूझांचा जन्म 1924 चा, गोव्यातील सालिगावचा. तान्हेपणीच वडील गेले, देवीच्या रोगातून पोर कसेबसे वाचले. आईने मुंबईत कपडे शिवून त्याला वाढवले. पुढे तो जे.जे. कलाशाळेत गेला, 'भारत छोडो'च्या धामधुमीत उतरला आणि 1945 मध्ये त्याला तिथून काढून टाकले. दोनच वर्षांनी त्याने प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला. त्यातली माणसे पाहा! हुसेन सिनेमाचे फलक रंगवून पोट भरणारे, आरा घरगडी म्हणून राबलेले. प्रस्थापित समीक्षक यांच्या रेषांवर पानेच्या पाने लिहितात, पोटापाण्याची गोष्ट मात्र दोन ओळींत उरकतात.

1949 मध्ये नग्नचित्रांवरून अश्लीलतेचा ठपका आला, घरी पोलीस आले. त्याच साली सूझांनी लंडन गाठले. तिथली सुरुवातीची वर्षे पत्नी मारियाच्या कमाईवर निघाली. 1955 मध्ये 'एन्काउंटर' मासिकात त्यांचा आत्मकथनपर लेख आला, 'गॅलरी वन'मध्ये प्रदर्शन झाले आणि नाव झाले. त्यांनी 1959 मध्ये रंगवलेला क्रुसावरचा येशू काळा, काटेरी, भेसूर आहे. चर्चमधल्या गोऱ्यागोमट्या येशूला दिलेले ते उत्तरच. 1967 मध्ये ते न्यूयॉर्कला गेले. सूझा काही आपल्या चळवळीचे नव्हते. माणूस तोंडाळ, भांडखोर. त्यांना संत करण्याचे कारण नाही.

मग गोरेगावात बसून आम्ही हे का लिहितो? आमच्या वस्त्यांत 14 एप्रिलला बाबासाहेबांचे भव्य चित्र हाताने रंगवणारी पोरे होती. फ्लेक्स आला आणि त्यांच्या हातचा ब्रश सुटला. कुणी वॉचमन झाला, कुणी रिक्षा चालवतो. जे.जे.चे नाव त्यांना कुणी सांगितलेच नाही. 2018 पासून गोरेगावहून हार्बर लोकल थेट सीएसएमटीला जाते, तिथून जे.जे. पायी गाठता येते. 2023 मध्ये या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तेव्हा कार्यकर्त्यांनो, फी, राखीव जागा आणि शिष्यवृत्ती या तिन्हींवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. दरवर्षी माहितीच्या अधिकारात अर्ज टाका आणि आपली किती पोरे आत गेली ते मोजा.