पडदा काळा पडला म्हणजे

लिनस टोर्वाल्ड्स यांनीं १९९१ सालीं जिचा गाभा प्रसिद्ध केला, ती लिनक्स प्रणाली थरांची बनलेली आहे. तळाशीं गाभा, त्यावर लेखी आज्ञा पाळणारा थर, आणि सर्वांत वर खिडक्या व चित्रें दाखविणारा डेस्कटॉप. ग्नोम व केडीई हे त्याचेच प्रकार होत.

हा वरचा थर बिघडला कीं पडदा काळा पडतो. निबंध व घरचीं छायाचित्रें गेलींच, असें समजून कित्येक जण सर्व पुसून प्रणाली नव्यानें बसवितात. आणि खरा नाश तेव्हांच होतो!

कंट्रोल, आल्ट व एफ ३ या कळा एकदम दाबल्या असतां बहुधा अक्षरांचा पडदा उघडतो. तेथें नांव व संकेतशब्द देऊन प्रथम 'डीएफ -एच' या आज्ञेनें साठवणीची जागा पाहावी. ती भरल्यामुळेंही डेस्कटॉप अडतो. जागा असल्यास नवें खातें उघडावें. त्यांत डेस्कटॉप चालला, तर दोष जुन्या खात्याच्या मांडणींत आहे. तेथील 'डॉट कॉन्फिग' या कप्प्याचें नांव बदलावें, तो पुसूं नये. नव्या खात्यांतही न चालल्यास केवळ डेस्कटॉपचा संच पुन्हा बसवावा. यांपैकीं कोणत्याही उपायानें निबंधास धक्का लागत नाहीं.

छप्पर गळूं लागलें म्हणून शहाणा मनुष्य घर पाडीत नाहीं.