एकदा निवडलेली ओळ

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. मी सांभाळत असलेल्या मासिकाच्या वर्गणीदारांच्या यादीत मात्र पुढेही 'ता. वसई, जि. ठाणे' असंच होतं. एका ओळीत एक वर्गणीदार, अशी ती साधी मजकूर फाईल. वसईच्या ओळींवर तीन कामं करायची होती: जिल्हा बदलायचा, जुना विभाग क्रमांक काढायचा आणि शेवटी 'दुरुस्त' अशी खूण घालायची. कल्याण, भिवंडीच्या ओळींना धक्का लागता कामा नये.

युनिक्सवर हे काम 'सेड' या मजकूर-संपादकाचं. बेल लॅब्समध्ये ली मॅकमेहन यांनी १९७०च्या दशकात तो लिहिला. त्यातल्या बऱ्याच आज्ञा केन थॉम्पसन यांच्या 'एड' या संपादकातून आलेल्या. सेड एक ओळ वाचतो, सगळ्या आज्ञा क्रमाने चालवतो, ओळ छापतो आणि पुढची उचलतो. फाईल केवढीही असो.

दोन तिरक्या रेघांमध्ये 'ता. वसई, जि. ठाणे' ही अट लिहिली, पुढे महिरपी कंस उघडून तिन्ही आज्ञा अर्धविरामांनी वेगळ्या केल्या. हा कंस निव्वळ टंकलेखन वाचवतो असं अनेकांना वाटतं. पण खरी गोम वेगळीच आहे. प्रत्येक आज्ञेआधी तीच अट पुन्हा लिहिली, तर पहिली आज्ञा ठाण्याचं पालघर करते आणि दुसरीच्या वेळी ती ओळ अटीत बसतच नाही. जिल्हा बदलतो, विभाग क्रमांक तसाच राहतो, खूण पडत नाही, आणि सेड चूकही दाखवत नाही. कंसात अट एकदाच तपासली जाते. ओळ आत आली की तिचा मजकूर बदलला तरी उरलेल्या आज्ञा तिच्यावर चालतातच. मला हा नियम फार आवडतो.

क्रम मात्र आपणच सांभाळायचा, कारण प्रत्येक आज्ञेपुढे आधीच्या आज्ञेने बदललेली ओळ येते. कंसात ओळ खोडण्याची आज्ञा आधी घातली, तर त्या ओळीसाठी पुढचं काहीच चालत नाही. आणखी एक बारकावा: कंस मिटण्याआधीचा अर्धविराम लिनक्सवरचा सेड मागत नाही, पण मॅकवरच्या सेडला तो लागतो. तो नेहमीच घालावा.

आणि फाईल जागेवर बदलण्याआधी नुसतं छापून पाहा, 'डिफ'ने मूळ फाईलशी ताडून घ्या. वसईखेरीज एकही ओळ बदललेली दिसली, तर तिथेच थांबा.